दिसतंय म्हणून औषध सोडू नका : एमएसच्या आजारात डोळ्यामागची नस आतून झिजते, ती वाचते कशानं?

अहिल्यानगर : आपल्या जिल्ह्यात डोळ्याचं शिबिर म्हटलं की मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर आणि काळे गॉगल लावून ओळीनं बसलेली म्हातारी माणसं आठवतात. त्यात काही चूक नाही. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्यामुळं गावोगावच्या लाखो म्हाताऱ्यांना पुन्हा दिसू लागलं. पण पंचवीस-तीस वर्षांची सून किंवा कॉलेजातलं पोरगं "एका डोळ्यानं धुरकट दिसतंय, डोळा फिरवला की दुखतो" म्हणत आलं, तर शिबिरात त्याचं उत्तर सहसा मिळत नाही. नंबर बरोबर असतो, मोतीबिंदू नसतो. "थेंब टाका, बरं वाटेल" असं सांगून माणूस घरी जातो.

यातल्या काहींना एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हा मेंदू आणि नसांचा आजार असतो. त्याबद्दल आत्ता लिहायचं कारण आहे. हा आजार कसा ओळखायचा याचे जगभर वापरले जाणारे निकष आहेत, त्यांना मॅकडोनाल्ड निकष म्हणतात. ते पहिल्यांदा २००१ मध्ये आले. त्यांची ताजी सुधारणा २०२५ मध्ये 'द लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आतापर्यंत मेंदू आणि मणक्यातल्या चार जागा मोजल्या जायच्या. आता डोळ्यामागची नस ही पाचवी जागा धरली गेली आहे. म्हणजे डोळ्याच्या तपासणीला या आजारात अधिकृत वजन आलं आहे. आणि ती तपासणी करणारं मशीन आज जिल्ह्याच्या मोठ्या गावांतल्या डोळ्यांच्या दवाखान्यांत आहे. फक्त ते बहुतेक शुगरच्या पेशंटसाठी चालतं.

आधी आजार समजून घेऊ

विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यांपुढं आणा. आत तांब्याची तार, वर रबर. उंदरानं रबर कुरतडलं की आधी मोटार अडखळते, कधी चालते, कधी बंद पडते. तार शाबूत असेल तर टेप गुंडाळून काम भागतं. पण उघडी पडलेली तार पावसापाण्यात गंजून तुटली, की मग टेपचा उपयोग नाही.

आपल्या नसांवरही असंच एक आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून या आवरणावर हल्ला करते. बाहेरचा जंतू नाही, करणी नाही, कुणाचा शाप नाही. हा आजार शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं पसरत नाही. सुरुवात बहुतेक वेळा २० ते ४० या वयात होते, आणि पुरुषांपेक्षा बायकांना तो जास्त होतो. कुणाचा पाय जड पडतो, कुणाला मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवीवर ताबा राहत नाही. साधारण पाचातल्या एकाला पहिला झटका डोळ्यालाच येतो. दोन-चार दिवसांत एका डोळ्याची नजर कमी होते, डोळा फिरवताना दुखतो आणि रंग फिके दिसतात. याला डोळ्याच्या नसेची सूज म्हणतात.

जिल्ह्यात असे किती असतील? घरोघरी मोजणी झालेली नाही, पण अंदाज बांधता येतो. कर्नाटकातल्या मंगळूर शहरात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाखामागं ८ च्या वर रुग्ण निघाले. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार. तोच दर इथं लावला तर साडेतीनशेच्या वर माणसं होतात. चौदा तालुक्यांत वाटली तर तालुक्याला पंचवीस. आकडा लहान वाटतो, पण हे पंचवीस जण म्हणजे घर चालवणारी, लेकरं लहान असलेली माणसं.

हा परदेशातला आजार आहे, आपल्याकडं होत नाही, असं एकेकाळी डॉक्टरसुद्धा मानायचे. तो समज मोडायला महाराष्ट्रातलंच काम उपयोगी पडलं. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि भरूचा यांनी १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात रुग्ण मोजले, तेव्हा मुंबईत लाखामागं वीसच्या वर निघाले. पुढं एमआरआय मशीन गावांच्या जवळ येत गेलं तसे सगळ्याच समाजांतले रुग्ण दिसायला लागले. आजार होताच, पकडायचं साधन नव्हतं.

नजर परत येते, आणि इथंच फसगत होते

डोळ्याच्या नसेला सूज आली तरी बहुतेकांची नजर काही आठवड्यांत बरीचशी परत येते. औषध घेतलं तरी येते, नाही घेतलं तरी येते. म्हणून घरचे म्हणतात, "गेलं की बरं होऊन. आता कशाला पुण्याच्या चकरा?"

पण तक्त्यावरची अक्षरं वाचता आली म्हणजे नस पहिल्यासारखी झाली असं नाही. दुष्काळी भागातल्या माणसाला हे समजवायला लागू नये. मोटार पाणी फेकते तोवर विहिरीची पातळी किती खाली गेली, हे कुणी बघत नाही. फूटव्हॉल्व उघडा पडून मोटार हवा ओढायला लागली की मग धावपळ. डोळ्याच्या नसेत लाखो तंतू असतात आणि त्यात शिल्लक साठा असतो. थोडे तंतू गेले तरी नजर भागवून नेते. साठा एका मर्यादेच्या खाली गेला की नजर उतरू लागते, आणि तोवर गेलेले तंतू परत उगवत नाहीत. आज जगात असं एकही सिद्ध औषध नाही जे मेलेली नस परत जिवंत करतं. आहे ती टिकवणं, एवढंच हातात आहे.

हिवरे बाजारनं काय केलं? पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली, पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून पीक ठरवलं. नुसतं विहिरीत वाकून "आहे पाणी" म्हणत बसले नाहीत. एमएसच्या पेशंटनं डोळ्याच्या बाबतीत तेच करायचं आहे.

पातळी मोजायचं मशीन : ओसीटी

डोळ्याचा पडदा ही शरीरातली वेगळी जागा आहे. मेंदूकडं जाणारे तंतू इथं वरच्या आवरणाशिवाय, उघडे पसरलेले असतात. म्हणजे उघडी तार थेट बघता येते. हे काम ओसीटी नावाचं मशीन करतं. ही पद्धत १९९१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जगापुढं मांडली. सुई नाही, चीरफाड नाही, क्ष-किरण नाही. हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडं बघायचं, उजेडाच्या किरणानं काही सेकंदांत पडद्याचे थर मोजले जातात.

माप येतं मायक्रॉनमध्ये. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. निरोगी माणसाच्या नसतंतूंचा थर सरासरी ९० ते १०० मायक्रॉन असतो, म्हणजे साधारण वहीच्या एका पानाएवढा. वय वाढेल तसा तो अगदी सावकाश कमी होतो, वर्षाला एक मायक्रॉनही नाही.

आता एमएसमध्ये काय होतं ते बघा. २०१० साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. ज्या डोळ्याला सूज येऊन गेली त्यात सरासरी २० मायक्रॉन थर कमी निघाला. म्हणजे पानाचा पाचवा हिस्सा गेला. आणि ज्या डोळ्याला कधीच झटका आला नव्हता, ज्याची पेशंटला काही तक्रारच नव्हती, त्यातही सरासरी ७ मायक्रॉनची घट होती. आजार गुपचूप चालू असतो, तो असा.

थर ७५ मायक्रॉनच्या खाली गेला की नजरेवर परिणाम दिसू लागतो, असं दुसऱ्या एका अभ्यासात आढळलं. तेच ते फूटव्हॉल्व.

आणि हा आकडा फक्त डोळ्यापुरता नाही. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून ८७९ रुग्णांचा अभ्यास केला. ज्यांच्या झटका न आलेल्या डोळ्यातला थर ८७-८८ मायक्रॉन किंवा त्याहून कमी होता, त्यांचं अपंगत्व पुढच्या वर्षांत वाढण्याचा धोका इतरांपेक्षा दुप्पट निघाला, आणि तीन वर्षांनंतर जवळपास चौपट. डोळा ही मेंदूची खिडकी आहे असं डॉक्टर म्हणतात, ते यासाठी.

उपचारानं काय फरक पडतो?

उपचार दोन प्रकारचे आहेत. एक झटका आला तेव्हाचा, दुसरा झटका येऊ नये म्हणून वर्षानुवर्षांचा. दोन्हींची गल्लत फार होते.

झटका आला की स्टेरॉइड देतात. याबद्दलचा सगळ्यात मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, १९८८ ते १९९१ या काळात ४५७ रुग्ण घेऊन. त्यातून दोन गोष्टी कळल्या. शिरेतून जास्त ताकदीचं स्टेरॉइड तीन दिवस दिलं तर नजर लवकर परत येते, पण सहा महिने-वर्षानं बघितलं तर न घेतलेल्यांइतकीच असते. म्हणजे स्टेरॉइड वेळ वाचवतं, नसेचा गेलेला थर वाचवत नाही. दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. नेहमीच्या कमी डोसची नुसती तोंडानं घ्यायची स्टेरॉइडची गोळी ज्यांना दिली, त्यांच्यात डोळ्याचा झटका परत येण्याचं प्रमाण उलट वाढलं.

गावाकडं काय चालतं, हे वाचकांना सांगायला नको. मेडिकलवरून "सुजेची गोळी" आणायची, आठ दिवस खायची, बरं वाटलं की बंद. पुन्हा त्रास झाला की पुन्हा तीच पट्टी दाखवायची. अशा गोळ्यांनी शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर धरतो. म्हणजे डोळ्यासाठी घेतलेली गोळी डोळ्यालाच बाधते. स्टेरॉइड वाईट औषध नाही. ते कुठलं, किती आणि किती दिवस, हे मेडिकलच्या काउंटरवर ठरवायचं नाही, एवढंच.

आता दुसरा प्रकार, वर्षानुवर्षं चालणारी औषधं. यात इंटरफेरॉन आणि ग्लाटिरामर ही जुनी इंजेक्शनं आहेत. डायमिथाइल फ्युमरेट आणि फिंगोलिमॉड या तोंडानं घ्यायच्या गोळ्या आहेत. नतालिझुमॅब, ऑक्रेलिझुमॅब, रिटुक्सिमॅब ही सलाइनमधून द्यायची ताकदीची औषधं आहेत. ही नसेची मलमपट्टी करत नाहीत. शरीराच्या चुकलेल्या फौजेला आवर घालतात.

यानं डोळ्यातली झीज थांबते का? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी वेगवेगळी औषधं घेणाऱ्या रुग्णांचे ओसीटी काही वर्षं सलग काढले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला. नतालिझुमॅब घेणाऱ्यांच्या पडद्याची झीज सगळ्यात कमी, जवळपास निरोगी माणसासारखी होती. ग्लाटिरामर आणि कातडीखाली टोचायचं इंटरफेरॉन घेणाऱ्यांत झीज जास्त होती. त्याच संस्थेनं २०२१ मध्ये रिटुक्सिमॅबबद्दल सांगितलं, की पहिल्या वर्षात झीज चालू राहते आणि त्यानंतर ती मंदावते.

हे शेवटचं वाक्य नीट ध्यानात घ्या. औषध सुरू केलं आणि पहिल्या वर्षाचा रिपोर्ट थोडा खाली आला, म्हणून "औषध लागू पडत नाही" असा निष्कर्ष काढायचा नाही. ठिबक बसवलं म्हणून त्याच हंगामात विहीर भरत नाही. आणि हेही खरं, की असे अभ्यास म्हणजे पेशंटवर नजर ठेवून काढलेली अनुमानं आहेत. कुणाला कुठलं औषध, हे फक्त डोळ्यावरून ठरत नाही. नतालिझुमॅबनं क्वचित मेंदूत घातक संसर्ग होतो, त्यासाठी आधी रक्त तपासावं लागतं. रिटुक्सिमॅबच्या आधी ब प्रकारच्या काविळीची तपासणी करावीच लागते, नाहीतर दबलेली कावीळ उसळते. आजार जुना होऊन सावकाश उतरतीला लागलेला असेल, तर या औषधांचा पडद्यावरचा फायदा कमी दिसतो. म्हणून लवकर सुरू करण्याला अर्थ आहे.

फिंगोलिमॉड घेणाऱ्यांनी एक वेगळी काळजी घ्यायची. या गोळीनं शंभरात एकापेक्षाही कमी लोकांना पडद्याच्या मधोमध पाणी साचून सूज येते, बहुतेक पहिल्या तीन-चार महिन्यांत. शुगर असलेल्यांना हा धोका जास्त. म्हणून गोळी सुरू करण्याआधी आणि साधारण तीन-चार महिन्यांनी डोळ्याचा पडदा तपासायचा असतो. सूज वेळेवर सापडली तर गोळी बंद केल्यावर सहसा ओसरते. पण हीच गोळी मनानं एकदम सोडली, तर काही जणांत आजार पहिल्यापेक्षा जोरात उसळतो. नतालिझुमॅबचंही तसंच.

प्रत्येक सूज एमएसची नसते

इथं एक धोक्याचं वळण आहे. एनएमओ नावाचा एक भाऊबंद आजार आहे, तोही डोळ्याच्या नसेवर आणि मणक्यावर हल्ला करतो. आपल्या देशात तो दुर्मिळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यात झटका जास्त जबर असतो, दोन्ही डोळे जाऊ शकतात, आणि नजर एमएससारखी भरून येत नाही. मुद्दा असा, की एमएसला चालणारी इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड आणि नतालिझुमॅब ही औषधं एनएमओला बिघडवतात. दोन्ही आजार वेगळे करायला रक्ताची अँटिबॉडी तपासणी आहे. औषध सुरू होण्याआधी "ती तपासणी झाली का?" हे विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे.

टीबीच्या औषधांतलं इथॅम्ब्युटॉल हेही काही लोकांत डोळ्याची नस खराब करतं. फरक ओळखायची खूण अशी : त्यात सहसा दोन्ही डोळे एकदम, न दुखता मंदावतात आणि लाल-हिरवा रंग कळेनासा होतो. टीबीची गोळी चालू असताना असं झालं तर मनानं कोर्स सोडू नका, पण त्याच दिवशी आरोग्य केंद्रात सांगा. तंबाखू, मिश्री, गावठी दारू, ब-१२ ची कमतरता यांनीही नस झिजते. म्हणून "डोळ्याची नस वाळलीय" एवढ्या निदानावर थांबायचं नाही. कशानं वाळली, ते विचारायचं.

औषध का सुटतं?

खरी अडचण डॉक्टरच्या चिठ्ठीत नाही, घराच्या हिशोबात आहे. औषध दर महिन्याला किंवा सहा महिन्यांनी ठरल्या तारखेला लागतं. शेतकऱ्याचा पैसा ठरल्या तारखेला येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ पर्यंत. त्या काळात आपल्याकडं किती घरांनी काय काय पुढं ढकललं, ते ज्याचं त्याला माहीत. ज्या घरात आजारी माणूस "चालतंय, दिसतंय" या अवस्थेत असतं, तिथं पहिली कात्री त्याच्याच औषधाला लागते.

आजारी सून असेल तर आणखी अवघड. सासरचे म्हणतात, माहेरी जाऊन उपचार कर. माहेरचे म्हणतात, लग्न लावून दिलंय. लग्नाआधी कळलं तर मुलीचा आजार लपवला जातो आणि लग्नाच्या गडबडीत गोळ्या बंद होतात. दिवस राहायच्या आधी यातली काही औषधं, उदाहरणार्थ फिंगोलिमॉड, बंद करून दुसरी सोय करावी लागते. ते डॉक्टरांशी आधीच बोलायला हवं. एमएस असलेल्या बाईला मूल होऊ शकतं. हे घरच्यांना कुणीतरी स्पष्ट सांगण्याची गरज आहे.

खर्चाच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदाच एमएससाठी तीन औषधं घेतली : क्लॅड्रिबिन, ग्लाटिरामर आणि रिटुक्सिमॅब. यातलं रिटुक्सिमॅब महत्त्वाचं, कारण भारतीय कंपन्या २००७ पासून त्याची आपली आवृत्ती बनवतात आणि ती परदेशी महागड्या औषधांच्या तुलनेत बरीच स्वस्त पडते. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डायमिथाइल फ्युमरेटपेक्षा रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांना झटके कमी आले. म्हणजे स्वस्त आहे म्हणून कमअस्सल, असं नाही.

उन्हाचंही बोललं पाहिजे. एमएसच्या पेशंटला अंग तापलं की जुन्या झटक्याच्या डोळ्यापुढं धूसर येतं. एप्रिल-मेमध्ये कांदा काढताना, चुलीपुढं, तापात असं होतं. सावलीत बसलं, गार पाण्यानं अंग पुसलं की निवळतं. जर्मन डॉक्टर उथोफ यांनी हे १८९० मध्येच लिहून ठेवलंय. यानं नस नव्यानं झिजत नाही, त्यामुळं घाबरून स्टेरॉइड घ्यायचं नाही. मात्र धूसरपणा चोवीस तासांच्या वर टिकला तर तो नवा झटका असू शकतो. मग थांबायचं नाही.

जिल्ह्यानं काय करायला हवं

पहिलं काम बिनखर्चाचं आहे. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि बाहुली कशी आकसते ते बघायचं. आजारी नसेच्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली आकसायच्या ऐवजी पसरते. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात एका मिनिटात होते. शिबिरात तरुण पेशंट आला, नंबर ठीक आहे पण एका डोळ्यानं कमी दिसतंय, तर ही तपासणी झाल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

दुसरं, वर पाठवायची साखळी. लोणी आणि विळद घाट इथं वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ६ मे २०२५ ला चोंडी इथं झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत जिल्ह्यासाठी १०० विद्यार्थ्यांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि ४३० खाटांचं रुग्णालय मंजूर झालं. त्यात मेंदूविकार आणि नेत्र विभाग आठवड्यातून एक दिवस एकत्र बसला, आणि एमएसच्या पेशंटचा वर्षाला एक ओसीटी मोफत झाला, तर अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या टोकाच्या माणसाचं पुण्याचं भाडं वाचेल. ही मागणी आत्ताच लोकप्रतिनिधींच्या कानावर घातली पाहिजे, इमारत उभी राहिल्यावर नाही.

तिसरं, योजना. महात्मा फुले जनआरोग्य योजना ही मुख्यतः दाखल झालेल्या पेशंटच्या पॅकेजवर चालते. आयुष्यभराचं औषध त्यात सहज बसत नाही. ज्या आजारात औषध चालू ठेवणं हाच उपचार आहे, तिथं योजनेची ही मांडणी तोकडी पडते. अपंगत्व आल्यावर मदत देण्यापेक्षा ते येऊ न देण्याचं औषध देणं सरकारलाही स्वस्तच पडेल.

पेशंट आणि घरच्यांसाठी

• एक डोळा झाकून लाल वस्तू बघा, कुंकवाची डबी चालेल. मग दुसरा डोळा झाकून बघा. एका डोळ्यानं लाल रंग फिका, विटकरी दिसला आणि डोळा फिरवताना दुखत असेल, तर आठवड्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.

• निदान झाल्यावर आणि औषध सुरू करताना एक ओसीटी काढून ठेवा. झटका नुकताच आला असेल तर सुजेमुळं थर जाड दिसतो. खरा आकडा तीन ते सहा महिन्यांनी कळतो. पुढं डॉक्टर सांगतील तसा, साधारण वर्षातून एकदा.

• शक्यतो दर वेळी एकाच मशीनवर काढा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. कागद फाइलला लावा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

• शुगर, काचबिंदू किंवा मोठा मायनस नंबर असेल तर तेही आकडा बदलतात. डॉक्टरांना आधी सांगा.

• पैशामुळं औषध परवडत नसेल तर गुपचूप सोडू नका. डॉक्टरांना तोंडावर सांगा. स्वस्त पर्याय असतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला योजनेत काय बसतं ते विचारा.

• दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव स्वतंत्र आहे. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर आरक्षण आणि इतर सवलती लागू होतात.

• एमएसच्या रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत.

एमएस बरा होणारा आजार नाही, पण आज तो आवरता येणारा आजार आहे. वीस वर्षांपूर्वी ज्याला हे झालं त्याच्यापुढं जेवढे पर्याय होते, त्याच्या कितीतरी पट आज आहेत. त्यांचा फायदा मात्र त्यालाच, जो बरं वाटत असतानाही औषध चालू ठेवतो आणि वर्षाला एकदा पातळी मोजतो. तुमच्या गावात, भावकीत असं कुणी असेल, तर ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि पुढच्या शिबिरात तरुण पोराच्या एका डोळ्याची तक्रार कुणी "नंबर ठीक आहे" म्हणून उडवून लावली, तर बॅटरीनं बाहुली तपासा म्हणावं.